स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन: कोणती तपासणी आधी, कोणती नंतर

खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्या पेशंटच्या पिशवीत कागद भरपूर असतात, क्रम मात्र उलटा झालेला असतो. गाठ आधीच कापून काढलेली आणि मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, चिठ्ठी त्यानंतरची. पूर्ण शरीराचं महागडं पेट सीटी स्कॅन झालेलं, पण काखेची साधी सोनोग्राफी राहिलेली. केमोची तीन सलाइनं झालेली आणि गाठ नेमकी कुठे होती हे आता कुणाला बोट ठेवून दाखवता येत नाही. मी बेळगावात मॅमोग्राफीच्या खोलीत काम करते. त्याच त्या चुका आठवड्याला एकदा तरी समोर येतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

कुणाला कोणती तपासणी लागेल हे तुमचे सर्जन आणि रेडिओलॉजिस्टच ठरवतील. पण क्रम बिघडायला लागला की ते घरच्यांना वेळेवर कळलं पाहिजे, आणि वेळेवर म्हणजे चाकू लागण्याआधी.

क्रम असा: डॉक्टरांच्या हाताची तपासणी, मॅमोग्राफी, स्तनाची आणि काखेची सोनोग्राफी, सुईची बायोप्सी, गरज असेल तर एमआरआय, गरज असेल तर पूर्ण शरीराचं स्कॅन, मग उपचार काय करायचा तो निर्णय. केमो आधी द्यायची ठरली तर गाठीत खूण. ऑपरेशन सगळ्यात शेवटी.

## आधी पिशवी नीट लावा

नावापासून सुरुवात करा. आपल्या भागात आधारवर एक स्पेलिंग, रेशन कार्डावर कन्नडवरून आलेलं दुसरं, आणि दवाखान्यात नातेवाइकाने घाईत सांगितलेलं तिसरं असतं. कुठे सुमन, कुठे सुमनबाई, कुठे माहेरचं आडनाव. बायोप्सीचा रिपोर्ट एका नावाने आणि फोटो दुसऱ्या नावाने निघाले की सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीला तिथेच खीळ बसते. आधारवर आहे तेच नाव पहिल्या दिवसापासून सगळीकडे सांगा.

मग एका कागदावर मराठीतच लिहा: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, गाठ कधी लक्षात आली, आई-मावशी-बहीण यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का, मधुमेह, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, छातीत पेसमेकर, पूर्वीची ऑपरेशनं, बाळ अंगावर पितं का, दिवस गेल्याची शक्यता आहे का. हे प्रश्न प्रत्येक खोलीत नव्याने विचारले जातात. उत्तर प्रत्येक वेळी तेच यायला हवं.

फोटोंची फिल्म तर घ्याच, पण सीडीही मागून घ्या. त्यातली डायकॉम फाइल, म्हणजे मूळ फोटोची फाइल, पुढच्या डॉक्टरला मोठी करून, उजेड कमी-जास्त करून बघता येते. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून व्हॉट्सॅपवर पाठवलेल्या फोटोत कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसत नाहीत, आणि बऱ्याचदा सगळा निदानाचा जीव त्या ठिपक्यांतच असतो.

पडताळा: सीडी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा. रिकामी सीडी घेऊन कोल्हापूरला गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडून येत असाल तर फिल्म प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा.

## ऑपरेशन कुठे करायचं ते आधी ठरवा

सीमाभागातल्या माणसाला दोन्ही बाजू मोकळ्या असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मॅमोग्राफी बेळगावात, बायोप्सी मिरजेत, मग कुणीतरी मुंबईचं टाटा सुचवतं, कुणी बेंगळुरूचं किदवई कॅन्सर हॉस्पिटल. दर ठिकाणी अर्धी तपासणी नव्याने होते आणि महिना निघून जातो. दुसरं मत जरूर घ्या, पण ऑपरेशन, केमो आणि नंतरची लाईट (रेडिएशन) कुठे घ्यायची याचा अंदाज पहिल्या आठवड्यातच बांधा. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, खानापूरहून बेळगाव जवळ. लाईट घ्यायला काही आठवडे जवळजवळ रोज जावं लागतं, तेव्हा हे अंतर फार मोठं वाटायला लागतं.

पैशाचं असं. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. तिच्यातून खासगी हॉस्पिटलात मोठा उपचार घ्यायचा तर साधारणपणे आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. ती आधी घ्या. नंतर आणू म्हणून थांबलेल्यांना स्वतःच्या खिशातून भरावं लागल्याचं बघितलं आहे. महाराष्ट्राने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वाद झाला. त्या वादात आपण शिरायचं कारण नाही. तुमचं गाव, तुमचं कार्ड आणि ते हॉस्पिटल, हे तीन जुळतात का, एवढंच तिथे योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला तपासणी सुरू होण्याआधी विचारा. मंजुरीआधीच्या तपासण्या पॅकेजमध्ये धरतात का, हेही त्याच दमात विचारून घ्या.

बायकांसाठी एक साधी सोय: कर्नाटकातल्या पत्त्याचं आधार कार्ड दाखवलं की तिथल्या साध्या सरकारी बसला शक्ती योजनेत तिकीट पडत नाही. ही २०२३ च्या जूनपासून आहे. तपासणीच्या पाच-सहा खेपांत वाचलेले पैसे रिक्षाला होतात.

## टप्पा १ : आधी डॉक्टरांचा हात

लॅबमध्ये थेट जाऊन "सगळ्या तपासण्या करा" म्हणू नका. सर्जनने दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडाजवळचा भाग हाताने तपासून लिहिलेला असावा. गाठीची जागा घड्याळाच्या काट्यांवर सांगतात, म्हणजे "उजवा स्तन, दहा वाजता, बोंडापासून ४ सेंटिमीटर" अशी. मॅमोग्राफीची चिठ्ठी आमच्या हातात येते तेव्हा हे एक वाक्य त्यावर असलं तर नेमका कुठला भाग नीट पकडायचा ते कळतं. नुसतं "छातीत गाठ" लिहिलेलं असलं तर मला तुम्हालाच विचारत बसावं लागतं. अशा वेळी लाजून "कुठंतरी इकडं हाय" म्हणू नका. बोट ठेवून दाखवा.

बोंडातून स्राव, आत ओढलं गेलेलं बोंड, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, बोंडावरचा न भरणारा चट्टा, हे सगळं न विचारता सांगा. "दुखत न्हाई न्हवं, मग कशाला?" हे वाक्य मी रोज ऐकते. कॅन्सरच्या बहुतेक गाठी सुरुवातीला दुखत नाहीत.

## टप्पा २ : मॅमोग्राफी, दोन्ही बाजूंची

गाठ एका बाजूला असली तरी फोटो दोन्ही स्तनांचे काढतात, प्रत्येकाचे निदान दोन: एक वरून खाली, एक तिरका. तिरक्यात काखेकडचा भाग येतो. दुसऱ्या बाजूला काही लपलेलं नाही ना, हे ऑपरेशनच्या आधीच कळायला हवं. "एकाच बाजूचा काढा, स्वस्तात होईल" हा हिशेब पुढे महागात पडतो.

तयारी अशी:

- पाळी येत असेल तर ती सुरू झाल्यापासून साधारण पहिला आठवडा सरल्यावर या. तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. पण गाठ संशयास्पद असेल तर तारखेसाठी थांबत बसू नका.
- पावडर, डिओडरंट, मलम काही लावू नका. त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात.
- गाठीवर हळदीचा किंवा पाल्याचा लेप लावला असेल तर आदल्या दिवशी कोमट पाण्याने स्वच्छ धुवा. लावला होता हेही सांगा, आम्ही रागावत नाही. लेपाने त्वचा लाल झाली असेल तर ती आजाराने की लेपाने, हे डॉक्टरांना कळायला हवं.
- साडी-ब्लाउज किंवा वर-खाली वेगळे असतील असे कपडे घाला. कमरेच्या वरचंच काढावं लागतं.

मंगळसूत्राबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे रोज अडतं. गळ्यातलं काढावंच लागतं, मणी फोटोत येतात. बऱ्याच बायका अशा वेळी गोंधळतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. सोबत सासू किंवा नणंद असेल तर तिच्या हातात द्या, नसेल तर रुमालात बांधून स्वतःच्या मुठीत धरा. मी कुणालाच ते टेबलावर ठेवायला सांगत नाही. पाठीमागे सारून चालतं का, असं विचारतात. चालत नाही.

स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबला जातो. दुखतं, खोटं कशाला सांगू. पण दाबल्याने कॅन्सर पसरत नाही, आणि नीट दाबलं नाही तर फोटो हलतो, परत काढावा लागतो.

पडताळा: ठिपके दिसले असतील तर त्या भागाचे मोठे करून घेतलेले फोटो काढले का? ठिपके किती भागात पसरलेत यावर स्तन वाचवता येईल का हे अवलंबून असतं. नुसत्या हाताला लागणाऱ्या गाठीवरून ते ठरत नाही.

## टप्पा ३ : सोनोग्राफी, काखेसकट

तरुण वयात स्तन दाट असतात आणि मॅमोग्राफीत दाट भाग पांढरा दिसतो. गाठही पांढरीच. पांढऱ्यावर पांढरं शोधायचं म्हणजे मांडेदुर्गच्या धुक्यात बगळा शोधण्यासारखं. म्हणून तिशीच्या आतल्या बाईची सोनोग्राफी सहसा आधी करतात आणि पुढचं तिच्यावरून ठरतं. मोठ्या वयात दोन्ही लागतात, एकीने दुसरीचं काम होत नाही. सोनोग्राफीत ठिपके नीट दिसत नाहीत, मॅमोग्राफीत पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांतला फरक कळत नाही.

काख राहून जाणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. चिठ्ठीवर "सोनोग्राफी स्तन" एवढंच लिहिलेलं असतं, करणारा घाईत असतो, काख कोरीच राहते. काखेतल्या लसिकाग्रंथींचा आकार कसा आहे, वरचं आवरण जाड झालंय का, आतला चरबीचा मध्य दिसतो की हरवला, यावरून पुढे काखेत किती खोल जायचं ते ठरतं. संशयास्पद ग्रंथी दिसली तर तिच्यातूनही सुईने नमुना घ्यायचा असतो. काखेचं ऑपरेशन गरजेपेक्षा मोठं झालं की हात सुजण्याचा धोका वाढतो, आणि शेतात खुरपणारीला किंवा निपाणीत विड्या वळणारीला हात म्हणजे रोजचं पोट.

पडताळा: रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा: गाठीचं माप मिलिमीटरमध्ये, घड्याळाची जागा आणि बोंडापासूनचं अंतर, गाठ एक की जास्त, आणि काखेबद्दल निदान एक वाक्य. रिपोर्ट इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर "काखेचं लिहिलंय का?" एवढा एकच प्रश्न खिडकीवर विचारा.

### रिपोर्टातला आकडा म्हणजे स्टेज नव्हे

यावरून घराघरांत रडारड झालेली पाहिली आहे, म्हणून इथे थांबते. रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्स ४ किंवा बायरॅड्स ५ असं लिहिलेलं असतं. घरचा शिकलेला पोरगा ते वाचतो आणि सांगतो, "चौथी स्टेज आहे." एक काका तर बाहेरच्या बाकावर बसून जमीन विकायचं बोलू लागले होते. त्यांच्या बायकोचा आकडा ४ अ होता आणि बायोप्सीत साधी गाठ निघाली.

बायरॅड्स हा फोटोत किती संशय आहे त्याचा आकडा. ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फोटो लागतील. १ म्हणजे काही नाही. २ म्हणजे साधी गोष्ट. ३ म्हणजे बहुधा साधी, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, सहसा सहा महिन्यांनी परत बघतात. ४ म्हणजे संशय आहे, बायोप्सी करा. ही शक्यता २ ते ९५ टक्के इतकी रुंद पसरलेली आहे, म्हणून तिचे अ, ब, क असे भाग पाडतात. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त शक्यता. ६ म्हणजे बायोप्सीत कॅन्सर आधीच सिद्ध झालेला आहे. स्टेज हा वेगळा हिशेब. तो गाठीचं माप, काखेतल्या ग्रंथी आणि शरीरात इतरत्र पसरलंय का यावरून डॉक्टर काढतात.

त्याच रिपोर्टात अ, ब, क, ड असं आणखी एक अक्षर असतं, ते स्तन किती दाट आहे ते सांगतं. ड असणं हा आजार नाही. मॅमोग्राफीला तिथे दिसायला अवघड जातं, हा त्याचा मुख्य अर्थ.

## टप्पा ४ : सुईची बायोप्सी, फोटो झाल्यावरच

सुई गेल्यावर आत थोडं रक्त साकळतं. ते फोटोत गाठीच्या कडेला मिसळतं आणि माप चुकतं. म्हणून मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी आधी, सुई नंतर.

बायोप्सी म्हणजे जाड सुईने मांसाचे बारीक तुकडे काढणं. जागा बधिर करून, शक्यतो सोनोग्राफीत बघत बघत. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढणारी तपासणी स्वस्त असते, पण कॅन्सर आजूबाजूच्या मांसात शिरलेला आहे की दुधाच्या नळीतच आहे ते तिच्यावरून सांगता येत नाही, आणि ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का) आणि हर-टू (पेशींवर ते प्रथिन जास्त आहे का) या तपासण्यांनाही मांसाचा तुकडा हवा. याच तीन निकालांवर ऑपरेशन आधी की केमो आधी हे बऱ्याचदा ठरतं. सुई टोचल्याने कॅन्सर "चिडतो" ही भीती गावोगाव आहे. तिच्यापायी बायोप्सी टाळून लोक गाठच कापून घेतात, आणि खरा घोळ तिथे होतो.

सावध: "अर्ध्या तासाचं काम आहे, गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू" असं कुणी म्हटलं तर थांबा. एका गावातून आलेल्या बाईंचं असंच झालं होतं. गाठ बधिर करून काढलेली, दोन टाके, तुकडा बाटलीत. कॅन्सर निघाल्यावर त्या आमच्याकडे आल्या. मॅमोग्राफीत दिसलं ते रक्त, सूज आणि टाक्यांचा ताण. मूळ गाठ केवढी होती, कडेला काही राहिलं का, शेजारी ठिपके होते का, कशाचंच उत्तर फोटोत उरलं नव्हतं. दुसरं ऑपरेशन जास्त मोठं करावं लागलं. केमो आधी देऊन गाठ लहान करायचा रस्ताही बंद झाला, कारण मोजायला गाठच नव्हती.

असं आधीच घडलं असेल तर निराश होऊ नका, उपचार होतो. पण त्या ऑपरेशनचा कागद, तुकड्याचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड ताब्यात घ्या. ब्लॉक तुमचा आहे, मागितल्यावर मिळतो.

बारीकसारीक: रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, विचारून करा. तुकडा फॉर्मॅलिनमध्येच, म्हणजे तो टिकवणाऱ्या औषधातच, गेला पाहिजे, पाण्यात किंवा सलाइनमध्ये नको. ईआर-पीआर नीट यायला तो ६ ते ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये असावा लागतो. शनिवारी दुपारी बायोप्सी करून बाटली सोमवारच्या कुरियरसाठी ठेवली की हा हिशेब बिघडायला वेळ लागत नाही. सुईची तारीख आणि वेळ बाटलीवर लिहायला सांगा.

## टप्पा ५ : एमआरआय सगळ्यांना लागत नाही

"एमआरआय म्हणजे सगळ्यात भारी, करूनच टाकू" असा सूर ऐकू येतो. ब्रिटनमध्ये १,६२३ बायकांवर झालेल्या कोमीस अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ऑपरेशनआधी एमआरआय केला काय किंवा न केला काय, दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण १९ टक्केच राहिलं. तेव्हा गरज आहे का, हे आधी विचारा.

गरज सहसा अशी असते: मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि हाताची तपासणी तिघांची मापं जुळत नाहीत, बायोप्सीत लोब्युलर प्रकार निघाला, जो कडेला पसरूनही फोटोत लपतो, काखेत कॅन्सर सापडला पण स्तनात काही दिसत नाही, स्तन फार दाट आहेत, बीआरसीए जनुकाचा (घराण्यातून येणारा) दोष आहे, किंवा केमो आधी द्यायची आहे आणि तिचा परिणाम मोजायचा आहे.

ठरलंच तर सेंटरला दोन प्रश्न विचारा: "ब्रेस्ट कॉइल (स्तनासाठीचा खास साचा) आहे का?" आणि "कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) देणार ना?" या दोन्हींशिवाय केलेला स्तनाचा एमआरआय कॅन्सरच्या कामाचा नाही. किडनीची क्रिएटिनिन तपासणी आधी करून न्या. पालथं, हात वर करून अर्धा-पाऊण तास न हलता झोपावं लागतं, आवाज मोठा असतो. बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना, सगळं घरी ठेवून जा. जोडवी वर्षानुवर्षांची घट्ट बसलेली असतात, आदल्या रात्री साबणाने काढा. पाळी येणाऱ्या बाईला सातव्या ते चौदाव्या दिवसात केलेला बरा, पण त्यापायी उपचार लांबवायचा नाही.

सावध: एमआरआयमध्ये आणखी एखादा डाग दिसला म्हणून लगेच पूर्ण स्तन काढायचं ठरवू नका. एमआरआय साध्या गोष्टींनाही संशयित ठरवतो. त्या डागाची वेगळी सोनोग्राफी आणि सुई झाल्याशिवाय ऑपरेशनचा बेत बदलायचा नसतो.

## टप्पा ६ : पूर्ण शरीराचं स्कॅन

गाठ लहान, काख स्वच्छ, अंगात दुसरा काही त्रास नाही, अशा बाईला पेट सीटी किंवा हाडांचं स्कॅन सहसा लागत नाही. भलतंच काही दिसतं आणि त्याच्या मागे आणखी दोन आठवडे जातात. गाठ मोठी असेल, त्वचेवर आली असेल, काखेत ग्रंथींचा गुच्छ असेल, किंवा हाडं दुखणं, खोकला, कावीळ असं काही असेल तर मात्र हे ऑपरेशनच्या आधीच व्हायला हवं. पसरलेला आजार ऑपरेशननंतर सापडला तर सगळा बेत उलटा पडतो.

पेट सीटीला सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. पहाटेची बस पकडून येताना स्टँडवरचा एक कप चहासुद्धा नको. या तपासणीत साखरेसारखं औषध शिरेतून देतात, रक्तात आधीच साखर जास्त असेल तर फोटो धूसर येतो. साधारण २०० च्या वर साखर असली की परत पाठवतात. मधुमेह असेल तर तारीख घेतानाच इन्सुलिन आणि मेटफॉर्मिनचं काय करायचं ते विचारा. आदल्या दिवशी भारे उचलू नका, थंडीत अंग गरम ठेवा. त्या दिवशी घरी गेल्यावर काही तास तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला जवळ घेऊ नका.

## टप्पा ७ : निर्णय, आणि केमो आधी असेल तर खूण

आता सगळे कागद एकत्र सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट यांच्यासमोर जायला हवेत. निर्णय सहसा दोनांपैकी एक: ऑपरेशन आधी, किंवा केमो आधी.

केमो आधी ठरली तर पहिल्या सलाइनच्या आधी विचारा, "गाठीत क्लिप कधी घालणार?" ही तांदळाच्या दाण्याहून लहान धातूची खूण, सुईने गाठीच्या मध्यात सोडतात. केमो चांगली लागू पडली तर गाठ पूर्ण विरघळू शकते. आनंदाचीच गोष्ट, पण मग सर्जनने काढायचं कुठलं? जागा कळत नसेल तर अंदाजाने मोठा भाग काढावा लागतो, कधी पूर्ण स्तन. क्लिपचा खर्च झेपत नसेल तर गाठीच्या वरच्या त्वचेवर बारीक गोंदून खूण करतात. हातावर गोंदण असलेल्या जुन्या बायका हे ऐकून हसतात, "एवढंच व्हय" म्हणतात. काखेतल्या ज्या ग्रंथीत कॅन्सर सापडला तिच्यातही क्लिप घालणार का, तेही विचारा.

पडताळा: केमोआधीचे फोटो आणि केमोनंतरचे फोटो एकाच प्रकारचे हवेत. आधी सोनोग्राफीने मोजलं आणि नंतर नुसत्या हाताने, तर तुलना होत नाही. केमोच्या मध्यावर गाठ वाढतेय असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता सांगा.

## टप्पा ८ : ऑपरेशनचा दिवस

तपासणी होऊन बराच काळ गेला असेल तर सोनोग्राफी परत लागेल का ते भरती होण्याआधी विचारा. फिल्म आणि सीडी दोन्ही सोबत न्या. घरी कपाटात राहिलेले फोटो ऑपरेशनच्या टेबलावर कामाचे नाहीत.

गाठ हाताला लागत नसेल, नुसते ठिपके असतील, तर बहुतेक वेळा त्याच दिवशी सकाळी मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीत बघून एक बारीक वायर घालतात. तिचं टोक संशयित जागी असतं, दुसरं बाहेर चिकटवलेलं. मग ऑपरेशनपर्यंत तो हात फिरवायचा नाही, साडी नेसायची नाही, गाऊनमध्येच राहायचं. वायर सरकली तर पुन्हा पहिल्यापासून.

काढलेल्या तुकड्याचा एक्स-रे काढतात आणि ठिपके, क्लिप, वायरचं टोक त्यात आलंय का ते टाके घालायच्या आधी बघतात. हे तुमच्या हॉस्पिटलात होतं का, हा प्रश्न आदल्या दिवशी सर्जनला विचारायला संकोच नको. ज्याच्याकडे सोय नसेल तो चांगला सर्जन ते सरळ सांगतो.

काख स्वच्छ वाटत असेल तर कॅन्सर पसरलाच तर ज्यांत आधी पोचेल त्या काखेतल्या पहिल्या ग्रंथी ओळखायला निळा रंग किंवा किरणोत्सारी औषध टोचतात. दुसऱ्या दिवशी लघवी निळी-हिरवी झाली तर घाबरू नका, तो रंगच आहे.

सही करण्याआधी संमतीपत्र मराठीत समजावून घ्या. ते कन्नड किंवा इंग्रजीत असतं. त्यात बाजू कोणती लिहिली आहे, स्तन वाचवायचा की पूर्ण काढायचा, आणि काखेचं काय, या तीन ओळी मोठ्याने वाचायला सांगा. त्वचेवर मार्करने बाजूची खूण करतील ती तुम्ही जागं असताना, तुम्हाला विचारून करायला हवी. अंघोळ करताना ती पुसू नका.

## ऑपरेशननंतर कागदांचं काय

ऑपरेशनआधीची सीडी फेकू नका. स्तन वाचवला असेल तर लाईट संपल्यावर सहा ते बारा महिन्यांनी पहिली मॅमोग्राफी होते, तेव्हा जखमेचा वण आणि नवीन गाठ यांतला फरक सांगायला जुने फोटो लागतात. फिल्म एकमेकींवर चिकटतात, म्हणून मध्ये कोरा कागद घाला आणि माळ्यावर किंवा चुलीजवळ ठेवू नका. सीडीची एक प्रत मुलाच्या किंवा भावाच्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. पुढच्या वेळी आमच्या खोलीत येताना जुनी पिशवी तशीच उचलून आणा. कुठला कागद लागेल ते आम्ही शोधून घेऊ.